आठव्या दिवशी तोंड दाखव

लुमीर : जाळली म्हटलं ना. सगळी कार्डं. मागच्या अंगणातल्या पिंपात, एका दुपारी. ओमाहाहून नव्वद मैल गाडी हाकत आलीस ती काय राख बघायला?

जॅनेल : डॉक, तुम्ही रिकाम्या बाटलीचं झाकणसुद्धा कधी फेकलं नाहीत. औषधांच्या दुकानाची, गिऱ्हाइकांची बेचाळीस वर्षांची कार्डं तुम्ही जाळाल?

लुमीर : माणूस बदलतो. तू नाही बदललीस? माझ्याबरोबर अकरा वर्षं काउंटरमागे उभी होतीस. उठलीस आणि विमा कंपनीच्या खुर्चीत जाऊन बसलीस.

लिबी : लुमीर, पोरगी सतरा वर्षांनी दारात आली आहे. आधी तिला कोट तरी काढू दे. बस गं जॅनेल. नवऱ्याकडे लक्ष देऊ नकोस, मी पंचावन्न वर्षं दिलेलं नाही. कॉफी गरम आहे आणि हे कोलाच सकाळचेच आहेत, जर्दाळू भरलेले गोड पाव.

जॅनेल : लिबीकाकू, खरंच वेळ नाही हो. पाचच्या आत मला निकाल द्यायचाय.

लिबी : आत्ताशी अडीच वाजलेत. अडीच ते पाच एक कोलाच खाऊन होत नाही?

लुमीर : कसला निकाल?

जॅनेल : आल्बिनाबाईंच्या गोळीचा. आल्बिना पोस्पिशिल. तुम्हाला सांगायला हरकत नाही, त्यांनीच लिहून दिलंय, डॉकला विचारा, डॉकला ठाऊक आहे.

लुमीर : आल्बिनाला काय झालं?

जॅनेल : अजून काही झालेलं नाही. तेच तर. फिट्सची गोळी त्या तीस वर्षं घेत होत्या ना, तिने त्यांची हाडं पोखरली. हिवाळ्यात घरातल्या घरात घसरल्या आणि मनगट मोडलं. लिंकन शहरातल्या डॉक्टरने ती गोळी बंद करून नवी सुरू केली. दोन महिने नमुन्याच्या डब्यांवर काढले. आता चार गोळ्या उरल्यात.

लिबी : अगं बाई! आणि रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवत होती की. मनगटाला पट्टा होता, मी विचारलं तर म्हणाली, कोंबड्यांमागे धावताना पडले.

लुमीर : ती कधी कुणाला खरं सांगते? चौतीस वर्षं शाळेत गाणं शिकवलं, एका मास्तरला तिच्या फिट्सचा पत्ता लागू दिला नाही. मग? चार गोळ्या उरल्यात तर पाचवी द्या. तुझ्या कंपनीत गोळ्यांचा दुष्काळ पडलाय?

जॅनेल : ती गोळी आमच्या यादीत वरच्या पायरीवर आहे. आधी खालच्या पायरीवरची घेऊन बघायची. ती चालली नाही अशी नोंद असेल तरच वरची मिळते. आणि खालच्या पायरीवर आहे ती—

लुमीर : ती पांढरी. मधे चीर असलेली.

जॅनेल : हो.

लुमीर : ती तिला चालत नाही.

जॅनेल : त्याही तेच म्हणतात. पत्रात लिहिलंय, चौऱ्याण्णव साली घेतली होती, अंगावर उठली होती. पण डॉक, नोंद कुठेच नाही. लिंकनचा डॉक्टर नवा, त्याने अर्जात लिहिलं, पेशंट असं म्हणते. तेवढं चालत नाही. गावचे जुने डॉक्टर श्वेला गेले, त्यांचे कागद पुरात गेले. आमच्याकडे एक्क्याण्णव सालापासूनचा प्रत्येक क्लेम आहे, मी काल रात्र—काल दिवसभर बसून चाळले. सर्दीच्या औषधापर्यंत सगळं सापडलं. ती पांढरी गोळी नाही. कॉम्प्युटरच्या मते आल्बिनाबाईंनी ती आयुष्यात कधी घेतलेलीच नाही.

लुमीर : घेतली होती. एकोणीस.

जॅनेल : काय?

लुमीर : एकोणीस गोळ्या घेतल्या. साठ दिल्या होत्या.

लिबी : बघ, आज सकाळी चष्मा कुठे ठेवला ते आठवत नव्हतं.

जॅनेल : मग क्लेम कुठे गेला, डॉक? तुम्ही साठ गोळ्या दिल्या तर क्लेम असणारच.

लुमीर : मी मागे घेतला.

जॅनेल : मागे घेतला?

लुमीर : उरलेल्या गोळ्या परत घेतल्या, तिचे पैसे तिला दिले आणि क्लेम उलटवला. विम्याने तरी त्या एकोणीस गोळ्यांचे पैसे का भरावेत? ज्या गोळीने माणूस सोलून निघतो, तिचे पैसे मी कुणाकडूनही घेत नव्हतो.

जॅनेल : देवा! म्हणजे तुम्ही आमच्यावरही उपकार केलेत.

लुमीर : तेव्हा तुम्ही बरे होतात.

जॅनेल : डॉक, हसू नका. क्लेम उलटवला की आमच्याकडून पुसला जातो. तुम्ही इतक्या लवकर पकडलं की त्यांना इस्पितळात जावं लागलं नाही, म्हणजे इस्पितळाचा कागद नाही. पैसे परत दिलेत, म्हणजे क्लेम नाही. तुम्ही सगळं इतकं चोख केलंत की झालं होतं याचा पुरावाच कुठे उरला नाही!

लिबी : पुरावा लागतोच कशाला? हा सांगतोय ना. आल्बिना सांगते, लुमीर सांगतो. दोघं मिळून एकशे एकसष्ट वर्षांचे झाले. कुणी बनवला हा नियम? त्या माणसाला माझ्यासमोर आण.

लुमीर : कोण असणार? टाय घातलेला कुणीतरी शहाणा. ज्याने जन्मात कुणाच्या हातात बाटली दिली नाही असा.

जॅनेल : मी.

लिबी : मी काय?

जॅनेल : नियम मी बनवला. आमची समिती आहे, बारा जणांची. फिट्सच्या औषधांचा भाग माझ्याकडे होता. पायऱ्या मी लावल्या. नुसत्या सांगण्यावर जायचं नाही, कागद पाहिजे, हेही मीच घातलं.

लुमीर : वा.

जॅनेल : आणि पुढचंही ऐकून घ्या. पहिला अर्ज आला तो मीच नाकारला. तासाला वीस फायली असतात, डॉक. समोर नंबर असतो, नाव कोपऱ्यात बारीक. पायरी चढलेली नाही, कागद नाही, नामंजूर. एक मिनिटही लागलं नसेल. मग अपील आलं, बरोबर हाताने लिहिलेलं पत्र. पाच रेघांच्या कागदावर, गाण्याच्या वहीतल्या. ते अक्षर मी ओळखलं. माझ्या लग्नात ऑर्गन त्यांनी वाजवला होता, कुठली गाणी वाजवायची त्याची यादी त्यांनी असल्याच कागदावर दिली होती. अजून माझ्याकडे आहे.

लिबी : लुमीर, बोल काहीतरी. पोरगी रडायला आली आहे.

लुमीर : मी काय बोलू? नियम तिचा, सही तिची.

जॅनेल : नियम माझा नाही, डॉक. तुमचा आहे.

लुमीर : माझा?

जॅनेल : दुकानात कुणी नवी चिठ्ठी घेऊन आलं की तुम्ही चष्मा कपाळावर चढवायचात आणि म्हणायचात, आधी स्वस्त गोळी. किती वेळा ऐकलंय मी ते! मग श्वेला डॉक्टरांना फोन. अहो, परवा त्या औषध कंपनीच्या माणसाने तुम्हाला चरबीदार स्टेक खिलवला म्हणून माझ्या गिऱ्हाइकाने महिन्याला नव्वद डॉलर का मोजायचे? बारा डॉलरची गोळी लिहा, नाही चालली तर बघू.

लिबी : श्वेला चिडायचा. फोन आपटायचा. आणि मग लिहायचा बारा डॉलरचीच.

जॅनेल : मी तेच केलं, डॉक. तुम्ही एका गावासाठी करत होतात ते मी चार लाख माणसांसाठी केलं. आल्बिनाबाईंच्या नव्या गोळीच्या एका महिन्याच्या किमतीत चाळीस जणांची रक्तदाबाची गोळी येते. ते पैसे कुठूनतरी यावे लागतात. लोक मला विचारतात, तुला लाज नाही वाटत? नाही वाटत. रोज नाही वाटत. त्या स्टेक खिलवणाऱ्यांना कुणीतरी अडवायला हवं आणि ते मला तुम्ही शिकवलं.

लुमीर : मी समोरच्या माणसाचं तोंड बघून म्हणायचो ते.

जॅनेल : मला चार लाख तोंडं कशी दिसतील?

लिबी : हे बघा, भांडायचं असेल तर कोलाच खाऊन भांडा. आणि लुमीर, आता पुरे. तिला खाली घेऊन जा.

लुमीर : खाली काय आहे?

लिबी : राख आहे. बेचाळीस वर्षांची, कप्प्याकप्प्यांत लावलेली. जॅनेल, अगं कसली जाळतोय! दुकान बंद केलं तेव्हा पिंपापर्यंत एक खोकं नेलं, काडी पेटवली, आणि वारा फार आहे म्हणून परत आणलं. चौदा वर्षं झाली, अजून वारा पडलेला नाही.

लुमीर : तू माझ्या बाजूची आहेस की तिच्या?

लिबी : मी आल्बिनाच्या बाजूची आहे. ऊठ. कठडा धरून उतर.

(तळघर. दुकानातलं जुनं आइस्क्रीमचं कपाट. त्याच्या कप्प्यांत कार्डांच्या रांगा.)

जॅनेल : हे कपाट! हे तर औषधांशेजारी सोडा-आइस्क्रीम विकायचो त्या काउंटरमागचं. इथे व्हॅनिला असायचं, इथे चेरीचा पाक.

लुमीर : आता व्हॅनिलात ए ते डी आडनावं आहेत. थांब, दिवा लावतो.

जॅनेल : वास तोच आहे, डॉक. दुकानाचाच. कापूर, लाकूड आणि काहीतरी गोड.

लिबी : ते काहीतरी गोड म्हणजे माझ्या बीटाच्या लोणच्याच्या बरण्या. या माणसाने त्या जिन्याखाली ढकलल्या. जॅनेल, हिवाळ्यात तो इथे रोज येऊन बसतो. मांडीवर घोंगडी, हातात कार्डं. मला वाटायचं रेडिओ ऐकतो.

जॅनेल : काय करता हो इथे?

लिबी : वर्तमानपत्रात कुणी गेल्याचं आलं की खाली येतो, त्यांचं कार्ड काढतो आणि तारीख घालतो. लाल शाईने. मग कार्ड परत जागेवर.

लुमीर : गिऱ्हाईक गेलं की खातं बंद करायचं असतं. यात काय एवढं?

जॅनेल : किती जणांच्या तारखा घातल्यात?

लुमीर : अर्ध्याहून जास्त. व्हॅनिलातले बहुतेक संपले. पी खालच्या कप्प्यात आहे, तू वाक. माझे गुडघे ऐकत नाहीत.

जॅनेल : पाव्हेल्का... पेत्रास्का... अहो, हे माझं अक्षर! हा बघा, थोरला पेत्रास्का, मधुमेहवाला. "बायकोला विचारावे, हा गोड खात नाही म्हणतो ते खोटे." हे मी लिहिलंय!

लुमीर : पहिल्याच वर्षी. मी म्हटलं, ही पोरगी टिकणार.

जॅनेल : पोस्पिशिल. आंटोन, एमिल... आल्बिना. मिळालं, डॉक! मिळालं! अजून जोडलेलं आहे, लेबलाचा दुसरा अर्धा भाग.

लुमीर : एक बाटलीला, एक कार्डाला. तो रिवाज माझ्या आधीच्या मालकाचा. मागची बाजू वाच. मोठ्याने, माझा चष्मा वर राहिला.

जॅनेल : "शुक्रवार, ८ एप्रिल ९४. साठ दिल्या. आठव्या दिवशी तोंड दाखवायला सांगितले. शुक्रवार १५, आली नाही. शनिवार, फोन उचलत नाही. रविवार १७, चर्च. मान लाल, खालचा ओठ फुटलेला, तोंडात फोड. एकोणीस पोटात. बंद. एक्केचाळीस परत घेतल्या, पैसे परत, क्लेम मागे. श्वेलाला रात्री घरी जाऊन सांगितले." आणि खाली लाल शाईने, "पुन्हा कधीही नाही."

लिबी : मला आठवतो तो रविवार. हा कधी नव्हे तो गाणाऱ्यांच्या रांगेत पुढे जाऊन बसला, अगदी ऑर्गनला खेटून. मी म्हटलं, याला आता या वयात काय सुचतंय? तर हा सगळी प्रार्थना तिच्या मानेकडे बघत होता.

लुमीर : तिने गळ्याला रेशमी रुमाल बांधला होता. एप्रिलमध्ये. आल्बिना आणि रुमाल! मला तिथेच कळलं. आणखी चार दिवस घेतली असती तर ती गेली असती, जॅनेल. त्या गोळीने कातडी सुटते. पुन्हा दिली तर पहिल्या आठवड्यातच.

जॅनेल : आठव्या दिवशी तोंड दाखव.

लुमीर : हं?

जॅनेल : तुमचं वाक्य असं होतं. आधी स्वस्त गोळी, आणि आठव्या दिवशी मला तोंड दाखव. पुढचं अर्धं मी विसरलेच होते. समितीपुढे पहिलं अर्धं मांडलं, सगळ्यांनी मान डोलावली. पायरी लावली, पण आठवा दिवस कुठेच ठेवला नाही. माणूस स्वस्त गोळी घेतो, आणि आमच्याकडे त्याचं तोंड बघायला कुणी नसतं.

लुमीर : दुसऱ्या अर्ध्याला पैसे मिळत नाहीत. पहिल्या अर्ध्याने वाचतात.

जॅनेल : टोमणा मारला नाहीत तर जेवण जात नाही ना तुम्हाला?

लुमीर : नाही, हा टोमणा नाही. मलाही कधी मिळाले नाहीत. फोटो काढ. किती वाजले?

जॅनेल : पावणेचार. धरा, सरळ. हलवू नका.

लुमीर : बोट मधे येतंय तुझं.

जॅनेल : येऊ दे.

लुमीर : कुठल्या ओळीवर ठेवलंयस?

जॅनेल : गोळ्या परत घेतल्या, त्या ओळीवर. डॉक, दिलेलं औषध परत घेणं कायद्यात बसत नाही, तुम्हालाही ठाऊक आहे. हे कार्ड कंपनीच्या फायलीत जाणार. कुणी उठून राज्याच्या फार्मसी बोर्डाला कळवलं तर? तेवढी ओळ नसली तरी काम होतं. औषध, तारीख, ओठ, बंद. पुरे आहे.

लुमीर : माझा परवाना नसता तर भीती नव्हती.

जॅनेल : म्हणजे परवाना अजून आहे?

लिबी : आहे? दर दोन वर्षांनी फी भरतो. अभ्यासाचे तास भरतो, त्र्याऐंशीव्या वर्षी! दुकान नाही, गिऱ्हाईक नाही, आणि हा टेबलावर बसून नव्या इन्सुलिनची परीक्षा देतोय. मी विचारते कशाला, तर म्हणतो, असू दे.

लुमीर : जॅनेल, बोट काढ.

जॅनेल : डॉक—

लुमीर : अर्धं लिहिलेलं कार्ड माझ्या दुकानातून कधी बाहेर गेलं नाही. अर्ध्या वाक्याने काय होतं ते तू आत्ताच सांगितलंस. काढ बोट. गोळ्या परत का घेतल्या विचारलं तर सांगेन, तिच्या घरात ठेवल्या असत्या तर तिने काटकसर म्हणून पुढे कधीतरी संपवल्या असत्या. आल्बिना आगपेटीची जळकी काडी जपून ठेवते.

लिबी : खरं आहे ते.

लुमीर : आणि वर लिही, हे कार्ड मी स्वतः लिहिलं. लुमीर झेलेनी, औषधविक्रेता. परवान्याचा नंबर घे, सात-एक-नऊ-चार. चालू आहे म्हणून लिही.

जॅनेल : सही करा इथे. बोटानेच, फोनच्या काचेवर.

लुमीर : ही काय सही झाली? कोंबडी चालून गेल्यासारखी.

लिबी : तुझी पेनाची याहून वाईट आहे. चला वर, इथे खाली फोन लागत नाही. मी आल्बिनाला सांगू का?

जॅनेल : अजून नाही, काकू. सही आमच्या मोठ्या डॉक्टरांची लागते. एकदा मी नाकारलेल्या अर्जावर मला एकटीला हो म्हणता येत नाही. हा नियमही माझाच.

लिबी : एवढे नियम केलेस, एक तरी स्वतःच्या सोयीचा करायचास. बस ओसरीवर. मी कॉफी पुन्हा गरम करते.

(ओसरी.)

जॅनेल : डॉक्टरांकडे गेलं. पोचलं दाखवतंय. आता बघायचं.

लुमीर : दुकान असतं तर या वेळेला शाळा सुटायची. दाराची घंटा वाजायची थांबायची नाही.

जॅनेल : आणि लिबीकाकू ओरडायच्या, पोरांनो, एका चेरी सोड्यात चार नळ्या मिळणार नाहीत.

लुमीर : आणि द्यायची चार. तुझ्या कंपनीचं पत्र आलं ना, तीन महिन्यांच्या गोळ्या टपालाने घ्या, स्वस्त पडतील, त्यानंतर घंटा कमी होत गेली. लोक लाजायचे. समोरच्या फुटपाथने जायचे. मी काय खाणार होतो त्यांना? हिवाळ्यात टपालाच्या डब्यात इन्सुलिन गोठलं की मात्र यायचे.

जॅनेल : मी नसते तरी ते पत्र आलं असतं, डॉक.

लुमीर : ठाऊक आहे. पण तू त्यांच्यात नसतीस तर मला राग काढायला त्रास पडला असता. तू गेलीस तेव्हा मी तुझा पांढरा कोट चार महिने खुंटीवर ठेवला होता. हिला वाटलं विसरलो.

जॅनेल : तुम्हाला कधी वाटलं नाही, मी का गेले?

लुमीर : ओमाहा. मोठा पगार. शनिवारी सुट्टी.

जॅनेल : त्या वर्षी हिशेबाच्या वह्या मी लावल्या होत्या. तुम्ही आठ महिने स्वतःचा पगार घेतला नव्हता, डॉक. माझा मात्र दर शुक्रवारी वेळेवर. तुम्ही मला जा म्हणाला नसतात, दुकान बुडेपर्यंत नाही. म्हणून मीच गेले.

लुमीर : लिबी!

लिबी : काय झालं? ओरडायला काय झालं?

लुमीर : तुला माहीत होतं हे?

लिबी : मला? मीच तर तिला म्हटलं होतं, तो विचारणार नाही, तू सांगू नकोस. नाहीतर घर गहाण टाकून तुझा पगार देईल. हे घे, दूध घातलंय. सतरा वर्षं तिचं नाव काढलं की तोंड फिरवायचास, मला हसू यायचं आणि वाईटही वाटायचं.

लुमीर : दोघी मिळून मला मूर्ख बनवलंत.

लिबी : फार मेहनत नाही पडली.

जॅनेल : थांबा, फोन. हो, डॉक्टर. हो, मीच. कार्डच आहे ते, हाताने लिहिलेलं. हो, तो लाल मजकूर त्यांचाच, माझ्यासमोर बसलेत. काय? तोंडात फोड, हो. नाही, पुन्हा देता येणार नाही. बरं. बरं. आभारी आहे, डॉक्टर.

लिबी : अगं बोल!

जॅनेल : मंजूर. उद्या सकाळी गोळ्या लिंकनहून निघतील. आणि पांढऱ्या गोळीची ॲलर्जी त्यांच्या नावावर कायमची चढली, आता ती कुणी त्यांच्यासमोर ठेवू शकणार नाही.

लिबी : मी आल्बिनाला फोन करते. मेली, माझ्याशी कोंबड्यांच्या थापा मारते!

जॅनेल : डॉक्टरांनी आणखी एक विचारलं. ते म्हणाले, असली कार्डं अजून कुणाकडे आहेत का?

लुमीर : तू काय म्हणालीस? ऐकू आलं नाही.

जॅनेल : अजून काहीच नाही. आधी समितीपुढे आठवा दिवस मांडणार आहे. नवी गोळी सुरू केली की आठवड्याने कुणीतरी फोन करायचा, माणसाला, नंबराला नाही. आणि कोपऱ्यातलं नाव मोठं करा म्हणणार आहे.

लुमीर : ऐकतील?

जॅनेल : नाही ऐकणार. दुसऱ्या वर्षी पुन्हा मांडेन. तुम्हीही श्वेला डॉक्टरांना एकाच फोनवर सोडायचात का?

लुमीर : धर हे पेन. आल्बिनाचं कार्ड तुझ्याकडेच आहे ना? आजची नोंद कर.

जॅनेल : मी?

लुमीर : काउंटरवर जो उभा असतो त्याने लिहायचं. विसरलीस?

जॅनेल : "नवी गोळी मंजूर. एक वर्ष." खाली माझी आद्याक्षरं.

लुमीर : एकच वर्ष?

जॅनेल : मंजुरी वर्षाचीच असते. पुढच्या एप्रिलमध्ये अर्ज पुन्हा करावा लागेल. कागद आता फायलीत आहे, तसं यायची गरज नाही. पण येईन.

लुमीर : ये. मी नसलो तरी ही असेल, जिन्याचा दिवा डाव्या हाताला आहे. शेवटच्या कप्प्यात, जिथे पिस्त्याचं आइस्क्रीम असायचं ना, तिथे अगदी शेवटचं कार्ड माझं आहे. झेलेनी, लुमीर. सगळं लिहून ठेवलंय. तारीख तेवढी मला घालता येणार नाही.

जॅनेल : डॉक...

लुमीर : लाल शाईची दौत तिथेच ठेवली आहे. तुझं अक्षर मला नेहमी वाचता यायचं.